हळदीच्या रुमालावरचे चार महिने

सांगलीच्या एका अडत दुकानात मी एकतीस वर्षं हळद पाहिली. पाहिली म्हणजे हळकुंड मोडून आतला रंग बघायचा, नखानं खरवडायचं, वास घ्यायचा आणि सौद्याच्या वेळी मालकाशेजारी उभं राहून माल कसा आहे ते हळू आवाजात सांगायचं. विडी नाही, सिगारेट नाही, तंबाखूसुद्धा नाही. मला फुप्फुसाचा कॅन्सर झालाय म्हटलं की लोक आधी माझ्या बोटांकडे बघतात. बोटं पिवळी आहेत खरी, पण ती हळदीनं.

असले अनुभव माणसं बरी झाल्यावर लिहितात. मी बरा होणार नाही, म्हणून आत्ताच लिहितोय. सध्या उंब्रजला थोरल्या भावाच्या घरी असतो. घराच्या पुढच्या सोप्यात खाट आहे, खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत असतं, आणि मी वहीत रोज अर्धं पान लिहितो. जास्त लिहिलं की धाप लागते. वाचणाऱ्याच्या उपयोगाची गोष्ट यात एकच आहे आणि ती पहिल्यांदाच सांगून टाकतो. खोकल्यातून लाल काही पडलं तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. कुणाची वाट बघू नका. पुढचं सगळं वाचलं नाही तरी चालेल.

साबण

हळदीच्या बाजारात काम करणाऱ्याच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो. माझी बायको सुनंदा पाटणची. लग्न होऊन सांगलीला आली, त्या आठवड्यात माझा सदरा भिजवून ती मोरीतून पळत बाहेर आली होती. "कुठं लागलं तुमाला? दावा बघू," म्हणून माझी पाठ, दंड सगळं चाचपून बघितलं. मी हसून हसून बेजार झालो. मग तिला सवय झाली. लाल पाणी ओतायचं, परत खळबळायचं आणि उन्हात टाकायचं.

सौद्याच्या दिवसांत दुकानात इतकी पूड उडते की नाकातोंडाला मोठा पांढरा रुमाल बांधल्याशिवाय उभं राहता येत नाही. दिवसाला दोन रुमाल लागतात. खोकला तर सगळ्यांनाच असतो. हमाल खोकतात, मालक खोकतो, बाहेरगावचा व्यापारी आल्या आल्या खोकायला लागतो. त्या वर्षी पाडव्याच्या सुमाराला मीही खोकत होतो आणि कुणाला त्यात काही वाटलं नाही. रुमाल धुताना लाल होत होते, ते तर तीस वर्षं होतच होते.

आषाढात माझा आवाज बसला. गल्लीतल्या डॉक्टरांनी दोनदा औषधाची बाटली दिली. मग एक दिवस दुकानाच्या माडीवर चढताना मधल्याच पायरीवर मला बसावं लागलं. खालून मालक म्हणाले, "विलास, आता फोटो काढ छातीचा. नाही काढलास तर उद्यापासून आत घेत नाही." त्यांनी तसं म्हटलं नसतं तर मी दिवाळीपर्यंत ढकललं असतं.

पहिला प्रश्न

फोटो झाला, मशीनमधला मोठा फोटो झाला, घशातून दुर्बीण घालून तुकडा काढून झाला. नंतर एका सकाळी सांगलीच्या रुग्णालयात आम्हा दोघांना आत बोलावलं. डॉक्टर म्हणजे आमच्या पल्लवीच्या वयाची मुलगी. पल्लवी आमची एकुलती एक, लग्न करून पुण्याला असते. डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन फुप्फुसं काढली आणि श्वासनळी जिथं दुभंगते त्याच्या अगदी जवळ, उजवीकडे, पेनानं एक गोळा काढला. शेजारून मोठी रक्तवाहिनी जाते म्हणाल्या. गोळा तिला टेकलाय, त्यामुळे कापून काढता येणार नाही.

"काका, किती वर्षं ओढता?"

"काय ओढतो?"

"विडी, सिगारेट."

"कधीच नाही."

त्यांनी सुनंदाकडे पाहिलं. बायका खरं सांगतात असं त्यांना वाटत असावं. सुनंदानं मान हलवली. तरी त्यांनी आणखी एकदा विचारलं, आणि मला राग आला. मरणाची बातमी ऐकायला बसलेल्या माणसाला चोर ठरवायची ही कुठली पद्धत? तसं मी बोललोही. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी समजावलं की मधोमधची गाठ बहुतेक वेळा ओढणाऱ्यांची असते. न ओढणाऱ्यांना होते ती बहुधा फुप्फुसाच्या काठाला सापडते, आणि तिच्यात जनुकांचा एखादा बदल असतो, ज्याच्यावर गोळी चालते. माझी गाठ जागेनं एका जातीची वाटत होती आणि सवयींनी दुसऱ्या. "तुम्ही ओढत नाही म्हणताय, तर तुकडा जनुकांच्या तपासणीला पाठवूच," त्या म्हणाल्या. माझ्या भांडणाचा तेवढा उपयोग झाला.

मग दुसरा प्रश्न आला. "रक्त कधीपासून पडतंय?"

"रगत न्हाई पडलं कवा," सुनंदा म्हणाली.

"काठावरची गाठ कळू देत नाही. ही मोठ्या नळीत आहे. ही लवकर कळवते. थुंकीत रक्त आलं असणार."

 सुनंदा पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "त्यांचं रुमाल लाल व्हायचं. पर ती हळद असती, मॅडम. साबन लागला की हळद लाल हुती."

"किती दिवस होत होते?"

"पाडव्यापासनं जरा जास्तच."

डॉक्टरांचं पेन थांबलं. पाडव्यापासून चार महिने झाले होते. पेनाचं ते थांबणं सुनंदाला पुरलं. घरी येताना रिक्षात ती एकच वाक्य बोलली. "मी धूत हुते न्हवं, माझ्या हातानं."

मी रस्त्याकडे बघत बसलो. आता लिहायला लागलोच आहे तर लिहितो. पाडव्यानंतर आठेक दिवसांनी, सकाळी दुकानाच्या मागच्या नळावर चूळ भरताना मी थुंकलो होतो आणि ते लाल होतं. तोंडात हळद नव्हती, जवळपास साबण नव्हता. एकतीस वर्षं रंग बघून पोट भरलेल्या माणसाला कुठला लाल कशाचा हे कळतं. मला कळलं होतं. मी नळ सोडून ते वाहून जाऊ दिलं आणि सौद्याला जाऊन उभा राहिलो. नंतरही पाच-सहा वेळा झालं. हिरडीतून येत असेल असं मनाला सांगत राहिलो. भीती वाटत होती, दुसरं काही नाही. आणि रिक्षात सुनंदा ते वाक्य बोलली तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

दादा

जनुकांचा अहवाल यायला जवळजवळ तीन आठवडे लागले. त्या दिवसांत आमचे दादा उंब्रजहून येऊन राहिले. दादा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. पहाटे पाचला उठून अंथरुणाची घडी चौकोनी घालणार, आणि आपल्याला काही झालेलं नाही हे जगाला दाखवणार. त्यांनी डॉक्टरांना विचारण्याऐवजी मला विचारलं.

"इलास, ह्ये जनुक म्हंजी घराण्यातलं न्हवं? आपल्या आबांकडनं आलेलं?"

"मला काय माहीत, दादा."

"न्हाई, म्हंजी माझ्या पोरांस्नी, नातवंडांस्नी..."

 दुसऱ्या दिवशी ते बाजारात जातो म्हणून बाहेर पडले ते दुपारी आले. हातात पिशवी होती आणि पिशवीत भाजी नव्हती. त्यांनी स्वतःच्या छातीचा फोटो काढून आणला होता. मला वाईटही वाटलं आणि हसूही आलं. फोटो स्वच्छ होता. मी म्हटलं, "दादा, तुमचा फोटो बघून माझाच जीव भांड्यात पडला." दादांनी तोंड फिरवलं, पण त्या दिवशी ते दोन भाकरी जास्त जेवले.

अहवाल आला तेव्हा डॉक्टरांनी त्यांनाही समोर बसवलं. हा बदल जन्मापासूनचा नाही, आईवडिलांकडून आलेला नाही, पोरांकडे जाणार नाही. पेशी नवी होताना तिच्या आतल्या मजकुराची नक्कल होते, त्या नकलेत एकोणीस नंबरच्या जागी काही अक्षरं गळाली. गळाली ती फक्त गाठीत. एवढं ऐकून दादांनी सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच माझ्याकडे बघून ओशाळले.  त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

"कशामुळं गळाली?" मी विचारलं.

"सांगता येत नाही, काका. हळदीमुळं म्हणावं असं काही माझ्याकडे नाही."

कारण नसलेला आजार सोसायला जास्त जड जातो. कारण सापडत नाही म्हटल्यावर घरातली माणसं आपापलं कारण शोधतात, आणि सुनंदाकडे ते तयारच होतं.

गोळी

या भागात चांगलं आहे ते सगळं सांगतो, कारण पुढे सांगायला मिळणार नाही. रोज एक गोळी. दहा दिवसांत खोकला बंद झाला. महिन्यात आवाज आला. तीन महिन्यांनी मशीनमधला फोटो काढला तेव्हा गोळा निम्म्याहून लहान झाला होता. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. चेहऱ्यावर वयात आलेल्या पोरासारखे फोड आले, पल्लवी फोनवर त्यावरून चिडवायची. पोट बिघडायचं. नखांच्या कडा सुजून पिकल्या, हळकुंड मोडता येईना. मग मी दुकानात खुर्चीवर बसून नुसतं बघायचो, आणि मोडायचं काम मालक स्वतः करायचे. तेवढा मान मला निरोगी असताना मिळाला नव्हता.

गोळी किती दिवस चालते असं मी एकदा विचारलं होतं. "कुणाला जास्त, कुणाला कमी. गाठ शिकते," डॉक्टर म्हणाल्या. मी ते ऐकलं आणि विसरायचं ठरवलं. तुम्हीही विसराल. त्याशिवाय जेवण जात नाही.

सुनंदा मात्र विसरली नाही. माझ्या कपड्यांना सरळ साबण लावणं तिनं बंद केलं. आधी साध्या पाण्यात बुडवायची, बाहेर उजेडाला धरून उलटसुलट बघायची, मग साबण. रुमाल, उशीचा अभ्रा, बनियन, सगळं. गोळी लागू पडलीय, आता काही नाही, असं मी कितीदा तरी सांगितलं. ती म्हणायची, "बघितल्यानं काय बिघडतंय." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला चहा देताना ती तेच सांगायची, की डोळ्यांपुढं होतं आणि मला कळलं नाही, माझ्यामुळं चार महिनं गेलं. बायका तिची समजूत काढायच्या आणि बाहेर जाऊन तेच बोलायच्या. मी ऐकत पडायचो. माझ्या तोंडाशी यायचं आणि मी गिळायचो, कारण सगळ्यांची माया माझ्याकडे होती आणि ती जाईल याची भीती होती. कॅन्सर झालेला माणूस आपोआप चांगला होत नाही.

पुन्हा

अकराव्या महिन्यात पाठ दुखायला लागली. फोटोत गोळा पुन्हा मोठा, आणि यकृतावर आणि मणक्यात नवे ठिपके. गाठ शिकली होती.

पहिली गोळी बंद पडते तेव्हा कधी कधी गाठीत दुसरा एक बदल होतो, आणि त्याच्यावर दुसरी गोळी असते. तो बघायला नवा तुकडा हवा. पण मोठ्या रक्तवाहिनीला टेकलेल्या गोळ्यात आता सुई घालायला कुणी तयार होईना. यकृतावरचे ठिपके सुईत सापडण्याएवढे नव्हते. शेवटी दंडातलं रक्त काढून पाठवलं, त्यात गाठीचे कण सापडले तर सापडले. पुन्हा तीन आठवडे. दादा रोज फोन करून विचारायचे, "काय सापडलं का न्हाई रं?" अंगात आणखी एक बिघाड सापडावा म्हणून वाट बघायची वेळ वैऱ्यावर येऊ नये.

काही सापडलं नाही. जुना बदल होता तिथंच होता, गोळी लागू पडेल असा दुसरा नव्हता.

मग केमो, सलाइनमधून. तीन आठवड्यांनी एकदा. सकाळी आठला नंबर लावायचा, अकराला खाट मिळायची, संध्याकाळी पाचला सोडायचे. तिथल्या सिस्टर माझा हात हातात घेऊन शीर शोधायच्या आणि सापडली की "हां, आली बघा" म्हणायच्या. दिवसभरात तेवढंच काय ते चांगलं ऐकू यायचं. शेजारच्या खाटेवर मिरजेचे एक चाचा असायचे, शिलाईचं काम करणारे. ते सुनंदाला म्हणायचे, "भाभी, डबा उघडा, मला नुसता वास घेऊ द्या." जेवण त्यांना जात नव्हतं. चौथ्या वेळी त्यांच्या खाटेवर दुसरा माणूस होता. सुनंदानं त्या दिवशी डबा उघडला नाही.

चार वेळा सलाइन झाल्यावर अंगातली ताकदच गेली आणि गोळा जागचा हलला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, आता थांबू या. त्रास कमी ठेवू."

त्या दिवशी सुनंदा औषधं आणायला खाली गेली होती. मी संधी साधली. "मॅडम, एक काम करा. त्या चार महिन्यांनी काही फरक पडला नसता, असं तिला सांगा."

त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाल्या, "गाठ तेव्हा लहान असती. वाहिनीला टेकलेली नसती तर कदाचित काढताही आली असती. जागाच वाईट, त्यामुळे नसतीही आली. मला खरंच माहीत नाही. त्यांची चूक नव्हती, एवढं मी त्यांना सांगू शकते. त्याच्यापुढचं खोटं होईल, काका."

सुनंदा आल्यावर त्यांनी तिचा हात धरून तेवढं सांगितलं. सुनंदानं मान हलवली, पिशवीत औषधं मोजून भरली आणि म्हणाली, "चला." डॉक्टरांच्या शब्दाचा तिच्यावर काही परिणाम झाला नाही हे मला जिना उतरतानाच कळलं.

उंब्रज

दोन महिने झाले इथं येऊन. पाठीच्या दुखण्यावर गोळी आहे, ती चार तास पुरते. दादांचा नातू शाळेतून आला की लांब उभा राहून मशीनकडे बघतो आणि खेळायला पळतो. त्याचं बरोबर आहे. दादा सकाळी माझ्या अंथरुणाची घडी करायला येतात, मी त्यात झोपलेला असतो, मग नुसती चादर ताणून जातात.

मी किती दिवसांचा हे आता कुणी बोलत नाही, म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. मला माझं मरण पटलेलं नाही, पण त्याच्याशी भांडायला दम उरलेला नाही. एका गोष्टीची मात्र रुखरुख होती. मी गेल्यावर सुनंदा राहणार, आणि वीस-पंचवीस वर्षं प्रत्येकाला चहा देताना तेच सांगणार.

गेल्या मंगळवारी दुपारी ती खाटेशेजारी बसून घेवडा निवडत होती. दादा रानात गेले होते. मी मशीनची नळी नाकातून जरा बाजूला केली आणि सांगून टाकलं. दुकानाचा नळ, पाडव्यानंतरची सकाळ, साबण नसलेला लाल. नंतरच्या पाच-सहा वेळा. रिक्षात गप्प बसलो ते. मोजून सांगितलं, काही वगळलं नाही. शेवटी म्हटलं, "तुझा काही दोष नव्हता. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

तिचे हात चालूच होते. दोन-तीन शेंगा मोडून झाल्यावर तिनं नळी उचलून परत माझ्या नाकात नीट बसवली.

"हळदीचा लाल पान्यानं जातो," ती म्हणाली. "उन्हात टाकलं की सांजच्याला पिवळा हुतो, मग पांढरा. तुमच्या रुमालावरचं डाग गेलं न्हाईत. तांबूस पडलं, आन तसंच ऱ्हायलं. तीस वर्सं धुतलं मी. मला कळंना व्हय?"

तिनं पुढची शेंग घेतली.

"चार रुमाल मी बंबात घालून जाळलं. इचारलं असतं तर तुमी रगत हाय म्हनाला असता. मग मी काय केलं असतं? म्हनून इचारलं न्हाई. तुमी सांगशीला म्हनून वाट बघत ऱ्हायले."

मी भीतीनं गप्प होतो आणि ती मी सांगेन म्हणून. एका घरात, एका ताटाजवळ बसून चार महिने आम्ही दोघांनी हे केलं. माझ्या कबुलीनं तिचं ओझं उतरेल असं मला वाटलं होतं. ते उतरण्यासारखं नव्हतंच. मला रडू आलं, ते माझ्यासाठी आलं की तिच्यासाठी हे सांगता येत नाही. ती रडली नाही. घेवड्याचं ताट उचलून आत गेली, भाजी टाकली, आणि थोड्या वेळानं दारातूनच बोलली.

"वहीत लिवताय न्हवं ह्ये?"

"तुझं नाही लिहीत. माझंच लिहितो."

"माझंबी लिवा. सगळा दोष सोताच्या नावावर घिऊन जाऊ नगा. मला हितं एकटीला ऱ्हायाचं हाय."

तीन दिवस मी वही उघडली नाही. मग लिहिलं. तिनं माझ्याकडे मागितलेलं हे एवढंच होतं, आणि बाकी तिला देण्यासारखं माझ्याजवळ काही राहिलेलं नाही.